दारोदारचा प्रचार आणि आयोवाची रात्र

अमेरिकेत उमेदवाराचे पत्रक घेऊन मतदाराच्या दारात गेलेला कार्यकर्ता ते पत्रक घराबाहेरच्या टपालपेटीत टाकू शकत नाही. तिकीट न लावलेला कागद टपालपेटीत टाकण्यास केंद्रीय कायद्याने मनाई असून त्याबद्दल दंड होऊ शकतो. म्हणून घरात कोणी नसल्यास पत्रक दाराच्या मुठीला अडकवले जाते. त्यासाठी वरच्या बाजूस भोक पाडलेली पत्रके मुद्दाम छापून घेतात. तेथील टीव्हीवरच्या वादविवादांची आणि जाहिरातींवर ओतल्या जाणाऱ्या डॉलरची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. परंतु दर चार वर्षांनी येणाऱ्या अध्यक्षीय निवडणुकीत वस्त्यावस्त्यांतून हिंडणाऱ्या या कार्यकर्त्याकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः कोणाचे मत पेटीपर्यंत पोहोचणार आणि कोणाचे नाही, हे पुष्कळदा त्या दाराशीच ठरते.

हा कार्यकर्ता प्रत्येक घराचे दार ठोठावत नाही. तीन घरे सोडून तो चौथ्या घरी जातो, कारण त्याच्या हातात निवडक नावांची यादी असते. मतदारयादी तेथे पक्षांना मिळते आणि कोणत्या मतदाराने मागील कोणकोणत्या निवडणुकांत मतदान केले, याची नोंदही तीत असते. मत कोणाला दिले हे अर्थातच गुप्त. अनेक राज्यांत मतदार नोंदणीच्या वेळीच आपला पक्षही लिहून देतो, ही गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल. दाराशी होणारे बोलणे दोन-तीन मिनिटांचे. ते संपले की नावापुढे एक ते पाच असा आकडा पडतो. सर्वसाधारणपणे एक म्हणजे पक्का समर्थक आणि पाच म्हणजे पक्का विरोधक. पाच आकड्याच्या माणसाशी हुज्जत घालण्यात कोणी वेळ दवडत नाही. एक आकड्याच्या घरी मात्र अखेरच्या दिवसांत पुन्हा जायचे असते. मत देणार ना, किती वाजता जाणार, गाडी आहे का, हे विचारायचे असते. कारण मतदान होते ते नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी. हा दिवस १८४५च्या कायद्याने ठरलेला आहे आणि त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुटी नसते. पूर्वी ही यादी पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेली असे. आता ती मोबाइलवर असते. कामात फरक पडलेला नाही.

दार ठोठावण्याचा हा हक्कही न्यायालयात झगडून पक्का झाला आहे. ओहायो राज्यातील स्ट्रॅटन या छोट्या गावाने दारोदार फिरणाऱ्यांना महापौर कार्यालयाचा परवाना सक्तीचा केला होता. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. खटला लढवला होता यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकांनी. त्याचा लाभ राजकीय कार्यकर्त्यांनाही झाला.

परंतु मत मागण्याआधी समोरचा माणूस मतदार आहे का, हाच तेथे पहिला प्रश्न असतो. आपल्याकडे मतदारयादी तयार करणे हे निवडणूक आयोगाचे काम मानले जाते आणि त्याचा कर्मचारी घरी येतो. अमेरिकेत ही जबाबदारी परंपरेने नागरिकावर राहिली आहे. नोंदणीच न लागणारे राज्य एकच, नॉर्थ डाकोटा. घर बदलले की नव्या पत्त्यावर नोंद करणे आले आणि अनेक राज्यांत मतदानाच्या काही आठवडे आधीच मुदत संपते. १९९३च्या केंद्रीय कायद्याने वाहन परवाना काढतानाच नोंदणीची सोय झाली आणि २०१६पासून ओरेगॉन राज्यात ती आपोआप होऊ लागली. तरीही नोंदणी अर्जांचा गठ्ठा घेऊन बाजारात, महाविद्यालयांच्या आवारात आणि चर्चच्या दाराशी बसणारे स्वयंसेवक हे निवडणूक वर्षातील नेहमीचे दृश्य आहे.

या गठ्ठ्याला मोठा इतिहास आहे. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी फॅनी लू हेमर ही कापसाच्या मळ्यात राबणारी कृष्णवर्णीय स्त्री मिसिसिपी राज्यातील इंडियानोला येथे मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. तेथे राज्यघटनेतील कलमाचा अर्थ लिहून दाखवण्याची परीक्षा होती आणि उत्तर बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवत असे. ती नापास झाली. घरी परतली तेव्हा मळ्याच्या मालकाने अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो, असे बजावले. अठरा वर्षे जेथे काम केले तो मळा तिला त्याच रात्री सोडावा लागला. पुढे १९६४च्या उन्हाळ्यात शेकडो विद्यार्थी नोंदणीच्या कामासाठी मिसिसिपीत उतरले. २१ जून रोजी जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला. १९६५ साली मतदान हक्क कायदा आला. त्याआधी मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांची नोंदणी जेमतेम ६.७ टक्के होती, ती १९६७पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली. हे दिवस सरले, असे मात्र म्हणता येत नाही. २०११ साली फ्लोरिडाने भरलेले अर्ज ४८ तासांत जमा न करणाऱ्या संस्थांना दंड लावला, तेव्हा १९२०पासून मतदार जागृतीचे काम करणाऱ्या लीग ऑफ विमेन व्होटर्सने तेथील नोंदणी थांबवली. २०१२ साली न्यायालयाने ही तरतूद रोखल्यावर ती पुन्हा सुरू झाली. अवघ्या ५३७ मतांनी २०००ची अध्यक्षीय निवडणूक निकालात निघाली ती याच राज्यात, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

इतकी पायपीट करून मतदान वाढते का? या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर शोधले येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी. १९९८ साली न्यू हेवन शहरातील सुमारे तीस हजार मतदारांची त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. काहींच्या घरी माणूस पाठवला, काहींना पत्र धाडले, काहींना फोन केला, काहींना काहीच नाही. ज्यांच्याशी दाराशी प्रत्यक्ष बोलणे झाले त्यांच्यातील मतदान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढले. पत्राचा परिणाम किरकोळ होता, व्यावसायिक फोनचा शून्य. २००० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि पक्षांनी धूळ खात पडलेली ही जुनी रीत पुन्हा हाती घेतली.

या रीतीचा सर्वांत लोभस आणि तितकाच सदोष आविष्कार पाहायचा तर आयोवाला जावे लागते. मका आणि डुकरे यांसाठी प्रसिद्ध असलेले, ९९ कौंटींचे हे मध्यपश्चिमेतील राज्य. १९७२पासून अध्यक्षीय उमेदवारीची लढत येथील कॉकसने सुरू होऊ लागली. कॉकस म्हणजे मतदान नव्हे, तर सभा. हिवाळ्यातील ठरलेल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता त्या त्या वस्तीतील पक्षाचे लोक शाळेच्या व्यायामशाळेत, चर्चमध्ये, ग्रंथालयात जमत. डेमोक्रॅटिक पक्षात चिठ्ठी नसे. ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे, सर्वांच्या देखत. बहुतेक ठिकाणी पंधरा टक्के माणसे न जमलेला गट बाद होई आणि मग खरी धमाल सुरू होई. बाद गटातील माणसांना आपल्याकडे ओढण्यासाठी शेजारी शेजाऱ्याची मनधरणी करत असे. प्रतिनिधींच्या वाटणीत बरोबरी झाली तर नाणे उडवले जाई. हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स यांच्यातील २०१६च्या अटीतटीच्या लढतीत काही वस्त्यांचा निकाल असाच लागला.

अशा सभेत जाहिरातींपेक्षा शेजारची ओळख उपयोगी पडते. बराक ओबामा यांना हे उमगले होते. १९८५ ते १९८८ या काळात शिकागोत त्यांनी वस्ती संघटकाचे काम केले होते आणि १९९२ साली तेथे मोठी मतदारनोंदणी मोहीम चालवली होती. त्यांच्या २००८च्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात मार्शल गँझ यांचा मोठा वाटा होता. गँझ हे सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत घडलेले कार्यकर्ते. उमेदवाराची महती गाऊ नका, आपण या कामात का आलो ते आधी सांगा, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. मुख्य निवडणुकीपर्यंत अठरा वर्षांचे होणारे सतरा वर्षांचे विद्यार्थीही कॉकसला येऊ शकतात, हे हेरून शाळाशाळांतून संपर्क झाला. ३ जानेवारी २००८च्या रात्री डेमोक्रॅटिक सभांना सुमारे २ लाख ३९ हजार माणसे आली. २००४ साली ती सव्वा लाखाच्या आसपास होती. दहांपैकी नऊहून अधिक रहिवासी गोरे असलेल्या राज्यात ओबामा ३७.६ टक्के मिळवून पहिले आले आणि क्लिंटन तिसऱ्या.

याच आयोवात २००२ साली नागपुरात जन्मलेल्या स्वाती दांडेकर राज्याच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आल्या होत्या. भारतात वाढलेली बाई इथल्या मूल्यांचे प्रतिनिधित्व कसे करणार, असा सवाल त्यांच्या प्रतिस्पर्धी उमेदवाराने एका ई-मेलमधून केला आणि तो बराच गाजला. दांडेकर तोवर तेथील स्थानिक शाळा मंडळावर काम करत आलेल्या होत्या. मतदारांना त्यांची ओळख करून देण्याची गरज उरली नव्हती.

तरीही कॉकसचे कौतुक करताना हात आखडता घ्यावा लागतो. संध्याकाळी सातला दोन तास मोकळे असणे हीच येथे मताधिकाराची अट होती. रात्रपाळीची परिचारिका, तान्ह्या मुलाची आई, बर्फात बाहेर न पडू शकणारा वृद्ध यांना घरून मत पाठवण्याची सोय नव्हती. २०२० साली यावर उतारा म्हणून काही ठिकाणी सोयीच्या वेळी जादा सभा घेण्यात आल्या. ओटम्वा येथे मांसप्रक्रिया कारखान्यातील पाळीच्या कामगारांची सभा भर दुपारी भरली. पण त्याच रात्री निकाल कळवण्यासाठी बनवलेले नवे मोबाइल अ‍ॅप कोलमडले, निकाल कित्येक दिवस रेंगाळला आणि आयोवाची अब्रू गेली.

केवळ पायपिटीने निवडणूक जिंकता येते, असाही समज करून घेऊ नये. रिपब्लिकन पक्षाच्या रॉन डीसँटिस यांनी २०२४पूर्वी आयोवाच्या सर्व ९९ कौंटी पालथ्या घातल्या. त्यांना सुमारे २१ टक्के पडले आणि डोनाल्ड ट्रम्प यांना ५१. त्या वर्षी मुख्य निवडणुकीत कमला हॅरिस यांची स्वयंसेवकांची फौज जंगी होती, पण त्या हरल्या. ट्रम्प यांच्या बाजूने दारोदार फिरण्याचे बरेचसे काम इलॉन मस्क यांच्या पैशावर चाललेल्या संस्थेने पगारी माणसांकडून करून घेतले. शेजारच्या काकू आणि रोजंदारीवर आलेला परगावचा तरुण यांच्या बोलण्याचे वजन सारखेच असते का, हे अजून कोणी ठामपणे सांगू शकलेले नाही. माझा कौल काकूंच्या बाजूने.

१५ जानेवारी २०२४ रोजी आयोवात हाडे गोठवणारी थंडी होती. रिपब्लिकन मंडळी त्या रात्री नेहमीप्रमाणे जमली आणि त्यांनी चिठ्ठ्या टाकून अध्यक्षीय उमेदवाराला पसंती दिली. डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या क्रमांकाचा मान तोवर साउथ कॅरोलिनाला देऊन टाकला होता. आयोवातील त्यांचे कार्यकर्तेही त्याच रात्री त्याच थंडीत सभांना आले. पण तेथे केवळ पक्षाचे अंतर्गत कामकाज झाले. उमेदवाराची पसंती कार्डावर लिहून टपालाने पाठवायची होती. तिचा निकाल ५ मार्चला लागला.