मास्तर, मिस्त्री आणि मिनिस्टर

गेल्या आठवड्यात जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षक मित्राचा फोन आला. "अरे, सातवीच्या पोरांना इंग्रजी शब्दांच्या गोष्टी सांगायच्यात. स्कूल, ट्यूशन, मास्टर असले शब्द आले कुठून ते बघून ठेव ना. मला बीएलओच्या कामाला पळायचंय, अजिबात वेळ नाही."

'वेळ नाही' हे त्याचं वाक्य डोक्यात राहिलं. कारण बघायला गेलो तर स्कूल या शब्दाचा मूळ अर्थच निघाला मोकळा वेळ.

ग्रीक भाषेत 'स्खोले' म्हणजे फुरसत. तिथून लॅटिनमध्ये 'स्कोला', आणि मग इंग्रजीत स्कूल. प्राचीन अथेन्समध्ये ज्याला पोटासाठी राबावं लागत नाही, त्याच्याकडे फुरसत. मग तो चर्चा करणार, ऐकणार, शिकणार. हळूहळू ज्या ठिकाणी हे चालायचं त्या जागेलाच ते नाव पडलं. आता ही फुरसत यायची कुठून? शेतात, खाणीत, घरात गुलाम राबायचे म्हणून. शाळेच्या नावातच हा हिशेब दडलेला आहे.

आणि गंमत बघा, त्या गुलामांपैकी एक जण रोज शाळेतही यायचा. टीईटीच्या गाइडांवर मोठ्या अक्षरात 'पेडॅगॉजी' छापलेलं असतं ना, तो शब्द त्याच्यावरून आलाय. 'पाइस' म्हणजे मूल, 'अगोगोस' म्हणजे नेणारा. पेडॅगॉग म्हणजे मालकाच्या मुलाला घरातून शाळेत नेणारा-आणणारा गुलाम. मुलाचं सामान उचलायचं, त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवायचं, आणि शाळा सुटेपर्यंत थांबायचं. शिकवणारा वेगळाच असायचा. जुन्या ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत हा माणूस हातात काठी घेऊन दिसतो. काठीवरून आठवलं, संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं, शिकवणं. मराठीत आपण त्याच शब्दाला सरळ मार खायला लावलं. तेव्हा ग्रीकांना हसायचं कारण नाही.

ट्यूशनची गोष्ट जरा हळवी आहे. रोमन कायद्यात बाप वारलेल्या अज्ञान मुलाला 'पुपिलुस' म्हणत आणि त्याच्या पालनकर्त्याला 'ट्यूटर'. ट्यूटरचं काम त्या मुलाची मालमत्ता आणि हित जपायचं. म्हणजे प्युपिल हा मुळात पोरका आणि ट्यूशन म्हणजे सांभाळ, राखण. शिकवणीची फी हा अर्थ फार नंतर चिकटला. आपल्याकडे मात्र सगळ्यात आधी तोच पोचला.

कोचिंगचं तर विचारूच नका. हंगेरीत कोच नावाचं एक गाव आहे. पंधराव्या शतकात तिथल्या घोडागाड्या एवढ्या गाजल्या की युरोपभर गाडीलाच गावाचं नाव पडलं. आपल्या रेल्वेचा कोच तोच. पुढे १८३०च्या आसपास ऑक्सफर्डची पोरं थट्टेनं, परीक्षेतून पार करून देणाऱ्या खाजगी शिकवणीवाल्याला कोच म्हणायला लागली. गाडीत बसायचं, भाडं द्यायचं, पलीकडच्या गावाला उतरायचं. थट्टेतला शब्द होता. लातूरपासून कोट्यापर्यंत आता तोच गंभीरपणे फ्लेक्सवर लिहितात.

अकॅडमी या शब्दावर मी स्वतः पूर्वी बातमीत खवचटपणा केलाय. पत्र्याचं शेड, पुढे मैदान, वर पाटी 'करिअर अकॅडमी', आणि पहाटे पोलीस भरतीची पोरं पळतायत. याला अकॅडमी म्हणतात का, असं लिहिलं होतं. ते शब्द मागे घेतो. अथेन्सच्या वेशीबाहेर अकादेमोस नावाच्या वीरपुरुषाच्या नावाची झाडी होती. तिथे सार्वजनिक व्यायामाची जागा होती, तरुण पोरं कसरत करायची. इसवी सनापूर्वी ३८७च्या सुमारास प्लेटोनं तिथेच आपली शाळा थाटली. आणि करिक्युलम? लॅटिनमध्ये धावणं, शर्यत. म्हणजे भरतीची पोरं मूळ अर्थाला फारशी सोडून नाहीत.

आता मुख्य मुद्दा, मास्तर. लॅटिनमध्ये 'मागिस' म्हणजे अधिक. त्यावरून 'मागिस्टर', म्हणजे वरचढ, प्रमुख, शिकवणारा. इंग्रजीतून तो मास्टर होऊन आपल्याकडे आला आणि मास्तर झाला. पोर्तुगीजांच्या तोंडून तोच 'मेस्त्र' म्हणून आला आणि झाला मेस्त्री, मिस्त्री. म्हणजे भिंत बांधणारा मिस्त्री आणि त्या भिंतीआड शिकवणारा मास्तर हे सख्खे भाऊ.

याच घराण्याचा उलटा शब्द म्हणजे 'मिनिस्टर'. 'मिनुस' म्हणजे उणा, कमी. त्यावरून मिनिस्टर म्हणजे हाताखालचा, सेवक. रोमन घरात ताट वाढणारा नोकरही मिनिस्टरच. पुढे राजाचा सेवक म्हणून तो मंत्री झाला.

आता आपल्या राज्यात या. २००० साली सरकारनं नव्या शिक्षकांसाठी योजना आणली. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. त्या पदाचं नाव काय ठेवलं? शिक्षणसेवक! शब्दाच्या कुळानं जो अधिक होता त्याला सेवक करून टाकलं, आणि जो मुळात सेवक होता त्याच्या सहीनं ते झालं. २०२३ मध्ये प्राथमिकचं मानधन १६ हजार झालं. त्याआधी ते ६ हजार होतं, म्हणजे दिवसाला २०० रुपये. तेवढ्यात आमच्या तालुक्यात मिस्त्री तर सोडाच, त्याच्या हाताखालचा बिगारीसुद्धा येत नव्हता. भाऊ भाऊ म्हणालो खरं, पण हिशेब असा होता.

आणि स्खोलेचं, फुरसतीचं काय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकाला शिकवण्याबाहेरची तीनच कामं देता येतात: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. माझा मित्र बीएलओ, म्हणजे त्याचं काम कायद्यात बसतं. पण तांदळाचा हिशेब, रोजची ऑनलाइन माहिती, फोटो अपलोड, हे कुठल्या कलमात बसतं ते कुणीतरी सांगावं. चौथीचा वर्ग तोवर मॉनिटर सांभाळतो. एका अर्थानं तोच खरा पेडॅगॉग.

हे सगळं मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. रात्री साडेदहाला निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं, "भारी आहे. पण मिनिस्टरचा भाग वर्गात सांगू का? पुढच्या महिन्यात बदल्या आहेत."

मी अजून काही कळवलेलं नाही. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? कमेंटमध्ये लिहा. शिक्षक मंडळींनी नाव न टाकता इनबॉक्समध्ये लिहिलं तरी चालेल.