जुनी रेड वाइन : मराठवाड्याच्या उन्हात साठवण आणि वाढण्याची पद्धत

नाशिक भागातील द्राक्षबागा व वाइनरी पाहून येणारे शेतकरी आणि कृषी सहायक रेड वाइनची एखादी बाटली सोबत आणतात. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ असे समजून ती कपाटात वर्षानुवर्षे पडून राहते. हिमायतनगर परिसरात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अशा उष्णतेत वाइन मुरत नाही, तर खराब होते.

कोणती वाइन मुरते?
बाटलीवरील ‘व्हिंटेज’ म्हणजे द्राक्ष काढणीचे वर्ष. बहुतेक रेड वाइन काही वर्षांतच पिण्यासाठी बनवलेल्या असतात. जास्त काळ मुरण्यासाठी वाइनमध्ये टॅनिन आणि आम्लता पुरेशी लागते. टॅनिन मुख्यतः मण्याच्या सालीतून व बियांतून उतरते. त्यामुळे कॅबरने सॉव्हिन्याँ, शिराझ या जातींची चांगली वाइन तुलनेने जास्त टिकते. वेलीवर घडांचा भार जास्त ठेवल्यास रंग व चव पातळ होते, काढणी लांबल्यास आम्लता घटते. म्हणजेच वाइनचे आयुष्य बागेतच ठरते.

साठवण
- तापमान १२ ते १५ अंश सेल्सिअस आणि शक्यतो स्थिर असावे.
- बुचाची बाटली आडवी ठेवावी. बूच ओले राहिल्याने आत हवा शिरत नाही.
- उजेड, पत्र्याची खोली व स्वयंपाकघर टाळावे.
- थंड साठवणीची सोय नसल्यास बाटली उन्हाळ्यापर्यंत न ठेवता हिवाळ्यातच उघडावी.

उघडणे आणि वाढणे
१. जुन्या वाइनमध्ये गाळ असतो. बाटली एक दिवस आधी उभी करून ठेवावी.
२. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हा नियम थंड देशांतील घरांचा आहे. आपल्याकडे १६ ते १८ अंश योग्य. त्यासाठी बाटली अर्धा ते पाऊण तास फ्रिजमध्ये उभी ठेवावी.
३. जुने बूच ठिसूळ असते. स्क्रू सरळ घालून हळूहळू ओढावे. तुकडे पडल्यास स्वच्छ मलमलीतून गाळावे.
४. बाटली न हलवता वाइन काचेच्या भांड्यात संथ धारेने ओतावी. मानेखाली टॉर्च धरल्यास गाळ दिसतो. तो आला की थांबावे.
५. पेला एक तृतीयांशच भरावा. फार जुन्या वाइनचा सुगंध लवकर उडतो, म्हणून ओतल्यावर लगेच वाढावी.

चांगली की बिघडलेली?
कडेला विटकरी छटा, सुक्या अंजिराचा किंवा ओल्या मातीचा वास ही मुरल्याची लक्षणे आहेत. व्हिनेगरचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आल्यास वाइन बिघडलेली समजावी. बूच वर सरकलेले असल्यास बाटलीला उष्णता लागल्याची शक्यता असते.

सोबत काय द्यावे?
काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यापुढे जुन्या वाइनची नाजूक चव लागत नाही. तिखटाने टॅनिन अधिक तुरट वाटते. कमी तिखटाचे भाजलेले मटण, पनीर किंवा चीज चांगले. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी.

महत्त्वाचे : महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. फवारणी करायची असल्यास किंवा ट्रॅक्टर, दुचाकी चालवायची असल्यास घेऊ नये. औषधे सुरू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.