स्कर्व्ही, लिंबू आणि सुरतेची वाट

हाडे, हिरड्या, कातडी आणि रक्तवाहिन्या यांना धरून ठेवणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याच्या साखळीतील प्रोलिन या अमिनो आम्लावर प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे ऑक्सिडोरिडक्टेज गटातील विकर ऑक्सिजनचा अणू चढवते आणि मगच तीन साखळ्यांचा पीळ घट्ट बसतो. हा संस्कार न झालेला पीळ सुमारे 24 अंश सेल्सिअसलाच उकलतो. शरीराच्या उष्णतेत त्याचा निभाव लागत नाही. विकरातील लोह काम करताकरता अधूनमधून निकामी होते, ते पुन्हा कामाला लावणारे क जीवनसत्त्व. ते संपले की हिरड्या सुजून रक्त येते, भरलेल्या जखमाही उघडतात. हीच स्कर्व्ही.

जेम्स लँकेस्टरच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला ताफा एप्रिल 1601 मध्ये निघाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी पोचेपर्यंत स्कर्व्हीने शंभरावर माणसे दगावली. काही जहाजांवर तर व्यापारीच सुकाणू धरीत आणि शिडे उतरवायला डोलकाठीवर चढत. लँकेस्टरच्या रेड ड्रॅगनवर मात्र लोक बरेच धडधाकट होते. त्याने लिंबाच्या रसाच्या बाटल्या बरोबर घेतल्या होत्या; रोज सकाळी उपाशीपोटी तीन चमचे, असा त्याचा शिरस्ता.

त्या ताफ्यातील दोन जहाजे पुढे सुरतेच्या इतिहासात आली. विल्यम हॉकिन्सला घेऊन हेक्टर 24 ऑगस्ट 1608 रोजी सुरतेच्या बाऱ्यावर पोचले. 1612 मध्ये टॉमस बेस्टने रेड ड्रॅगनवरून सुवालीजवळ पोर्तुगीजांशी झुंज दिली आणि सुरतेत वखारीची वाट मोकळी झाली. तापीच्या मुखाशी गाळ असल्याने मोठी जहाजे सुवालीलाच नांगर टाकत. मराठी वाचकाला सुरत आठवते ती 1664 आणि 1670 च्या लुटींमुळे. लुटीच्या वेळी आपल्या वखारीच्या बचावाला उभे राहिलेले इंग्रज याच लांबलचक सागरी वाटेने आलेले होते.

कंपनीचा शल्यवैद्य जॉन वुडॉल याने 1617 च्या आपल्या ग्रंथात लिंबाचा रस सुचवला. पण लिंबू नसेल तर गंधकाम्ल चालेल, असेही त्याने लिहिले. गुण आंबटपणात आहे, हा समज नडला. गंधकाम्लाचा काडीचाही उपयोग नव्हता. जेम्स लिंडने 1747 मध्ये 12 खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, त्यात संत्री-लिंबे सरस ठरली. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली ती 1795 मध्ये, म्हणजे लँकेस्टरच्या सफरीनंतर 194 वर्षांनी. तोवर कंपनीचे पश्चिम किनाऱ्यावरचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला जाऊनही शंभर वर्षे उलटली होती.