तुंब्यातली पेज, बाटलीतली तरतरी

मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरच्या डोंगराळ पट्ट्यात बैगा किंवा गोंड माणूस रानात निघाला, की खांद्याला तुंबा असायचा. वाळवून पोकळ केलेला भोपळा, आत कोदो-कुटकीची पातळ पेज. मार्च-एप्रिलात भल्या पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बायकांचाही आधार हाच. चव अळणी, ठेवली तर आंबूस, रंग मातकट. दिसायला काहीच नाही, पण पाणी आणि धान्याचं सत्त्व एका घोटात पोटात जायचं. जाड सालीमुळे पेज लवकर तापत नसे. तुंबा फुटला तर परसातल्या वेलावर दुसरा तयार.

बालाघाट जिल्हा झाला 1867 साली. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून जबलपूरकडे सातपुड्याची छोटी गाडी इथूनच जाऊ लागली आणि शहरी मालाला वाट मिळाली.

बाटलीबंद पेयांनी देशभर फळाचं नाव पुढे केलं. पार्लेच्या ‘गोल्ड स्पॉट’मध्ये संत्र्याचा रंग होता, वास होता. रस शोधू नये! अशा पेयांत सुवासिक तेल तरंगून वर येऊ नये म्हणून घातलं जाणारं ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल भारतात 1990 साली बंद झालं. ‘फ्रूटी’ 1985 मध्ये कागदी खोक्यात आली. बाटली दुकानात परत द्यायची सवय मोडायला तिथूनच सुरुवात झाली, असं म्हणायला हरकत नाही.

‘एनर्जी’ पेयांची वाट वेगळी. जपानमध्ये 1962 साली ‘लिपोव्हिटान डी’ औषधासारख्या छोट्या तपकिरी बाटलीत विकायला आलं. थायलंडमध्ये ‘क्रेटिंग डेंग’ ट्रकचालक आणि मजुरांचं पेय ठरलं. त्यावरूनच 1987 साली ऑस्ट्रियात ‘रेड बुल’ निघालं, सडपातळ डब्यात आणि चढ्या भावात. भारतात पेप्सिकोनं 2017 मध्ये ‘स्टिंग’ आणलं. पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली, आत भडक लाल पेय, बेरीसारखा गोड वास, मागून जिभेवर किंचित औषधी कडवटपणा. किंमत वीस रुपयांवर आली आणि शहरी चैन टपरीवरच्या बर्फाच्या पेटीत जाऊन बसली. अर्धं काम रंगच करतो.

उरलेलं काम कॅफिनचं. 2016 च्या भारतीय मानकांनुसार अशा पेयांत लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन चालतं. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त 75 मिलिग्रॅम, साधारण एका कडक कॉफीइतकं. थकल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची जागा ते अडवतं. थकवा असतो तिथेच, फक्त जाणवत नाही. निम्मं कॅफिन उतरायलाच सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी प्यायलेली बाटली रात्री झोप खाते. अंगाला खरी भर मिळते ती साखरेची. म्हणजे तरतरीच्या हिशेबात पेज मागे पडली, पण पोषणाच्या हिशेबात आजही तीच पुढे आहे.

जुलै 2024 मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून 500 मीटरच्या आत जादा कॅफिनची पेयं विकण्यावर बंदी आणण्याचं विधान परिषदेत जाहीर केलं. ही घोषणा महाराष्ट्रापुरती. गोंदियाहून बाघ नदी ओलांडली की बालाघाट, आणि तिथे राज्य दुसरं. मुलाच्या हातात लाल बाटली दिसली, तर मागच्या बारीक अक्षरांतली सूचना आईबापांनीच वाचावी: लहान मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी नाही.