पद्मिनी का टिकली?

मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची वयोमर्यादा भरताच तिचा धंदा संपला. जुनी देशी गाडी दणकट होती, पुढच्या परदेशी तंत्राच्या गाड्यांना तो टिकाऊपणा नाही, असं आजही ऐकू येतं. या समजुतीतले ‘देशी’ आणि ‘टिकाऊ’ हे दोन्ही शब्द तपासून घ्यावे लागतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. पद्मिनी हे नाव १९७४ चं, पण गाडी इटलीच्या फियाट ११०० ची. इटलीत ती मालिका १९६९ मध्ये बंद झाली. कुर्ल्यात मात्र १०८९ सीसीचं तेच इंजिन शतक सरेपर्यंत निघत राहिलं. म्हणजे आराखडा परका, देशी होते ते तिचे सुटे भाग. माझ्या मते तिच्या दीर्घायुष्याचं मूळ तिथेच आहे.

१९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर सरकारने भाग इथेच बनवण्याचा आग्रह धरला आणि नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्डने काढता पाय घेतला. उरलेल्या कारखान्यांना स्पर्धा नव्हती, गिऱ्हाईक गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबत होतं, आणि त्याचे परिणाम गाडीत दिसत. पत्रा गंजे, चढावर इंजिन तापे, कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा साफ करावा लागे. मात्र जवळजवळ न बदललेलं एकच मॉडेल दशकानुदशकं रस्त्यावर असल्याने प्रत्येक मिस्त्रीला ते पाठ होतं. ऑपेरा हाउसच्या दुकानांत नवा भाग मिळे, कुर्ल्याच्या भंगारात जुना. इंजिनाचं बोअरिंग करायचं, पिस्टन आणि रिंगा बदलायच्या, सडलेल्या तळाला नवा पत्रा वेल्ड करायचा, की गाडी पुन्हा धंद्याला लागे. त्याच काळातली आयात मोटार धातूने सरस असली, तरी भाग आणायला आयात परवाना लागे, आणि एका छोट्या भागापायी ती महिनोन्महिने उभी राही. तिचं आयुष्य परवान्याच्या धोरणाने तोडलं.

यावर आक्षेप येईल : दुरुस्तीची सोय हेच सारं असेल, तर १४ डिसेंबर १९८३ ला आलेल्या मारुती ८०० ने पद्मिनीला मागे कसं टाकलं? आक्षेप रास्त आहे. मारुतीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन सकाळी सहज सुरू होई आणि क्वचितच दगा देई. न बिघडणं आणि बिघडल्यावर परत उभं राहणं हे दोन वेगळे गुण आहेत. पहिल्यात मारुती निर्विवाद श्रेष्ठ होती. मात्र यातून ‘परदेशी ते चांगलं’ असा निष्कर्ष काढणंही चूक ठरेल. सुरुवातीला जपानहून आलेल्या भागांनी जोडलेल्या या गाडीचे बहुतेक भाग पुढे इथल्याच पुरवठादारांनी बनवले, तरी तिचा भरवसा टिकला. इथल्या कामगाराचा हात कधीच उणा नव्हता. उणीव होती ती काटेकोर तपासणीची आणि गिऱ्हाईक गमावण्याच्या भीतीची. हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच फार कमी सांगितलं जातं.

दुसरा आक्षेप असा की टॅक्सीने वीस-पंचवीस वर्षं रोजची धाव काढली, हाच दणकटपणाचा पुरावा. पण त्या मुदतीअखेर अनेक गाड्यांत मूळचं किती उरलेलं असे? ती वर्षं गाडीइतकीच गॅरेजवाल्यांच्या हातांचीही होती. खासगी मालकाला गाडी रस्त्यात बंद पडणं परवडत नसे, म्हणून तो लवकर मारुतीकडे वळला. टॅक्सीवाल्याला दुरुस्तीचा खर्च आधी कळणं महत्त्वाचं होतं, म्हणून तो पद्मिनीला धरून राहिला. राज्य सरकारने २००८ मध्ये पंचवीस आणि २०१३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा घातली, गाड्या घटल्या, आणि गिऱ्हाईक उरलं नाही तशी तिच्या भागांची दुकानंही आटली. इंजिन तेच, मिस्त्रीही तेच, पण भाग मिळेना. एकेकाळी आयात मोटार ज्या कारणाने उभी राहायची, त्याच कारणाने आता कुर्ल्याची गाडी उभी राहू लागली.