बिनभिंतींचा तुरुंग

पॅरोलवर सुटलेला कैदी फरार, अशी बातमी आली की पुढची चर्चा ठरलेली. "सोडतातच कशाला यांना?" राग मलाही येतो. पण मग हटकून आठवतं ते आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर.

'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. व्ही. शांतारामांचा जेलर सहा खुन्यांना घेऊन माळरानावर शेती करतो. कथा गदिमांची, आणि ते त्याच मुलुखातले, माडगूळचे. पण ही सगळी कल्पना नव्हे बरं का! १९३९ साली औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी हा प्रयोग खरंच केला. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरची. उंच भिंती नाहीत. कैद्यांनी शेती करायची आणि बायकामुलांसोबत राहायचं. १९४८ साली संस्थान विलीन झालं, वसाहत मात्र टिकली.

यातली खरी मेख मला कुटुंबात दिसते. घरी चूल पेटलेली, पोरं वाट बघतायत, उभं पीक पाण्याला आलंय... असा माणूस पळून जाईल कुठे? भिंतीचं काम संसार करतो.

आता कुणी म्हणेल, अशा वसाहतीत पाठवतात ते निवडक, चांगल्या वागणुकीचे कैदी. मग यशाचं श्रेय वसाहतीचं की निवडीचं? प्रश्न रास्त आहे. खुल्या कारागृहाची तुलना सरसकट मोठ्या तुरुंगाशी करून चालणार नाही. पण निवड नीट करता येते, एवढं तरी त्यातून कळतंच की.

हेच रजेचं. आपल्याकडे फर्लोला 'संचित रजा' म्हणतात. ती चांगल्या वागणुकीवर मिळते, खास कारण लागत नाही. पॅरोलसाठी घरातलं आजारपण, मृत्यू असं कारण लागतं. त्याचं सरकारी नाव मला फार आवडतं: 'अभिवचन रजा'. फ्रेंच भाषेत 'पारोल' म्हणजे शब्दच. दिलेला शब्द.

शब्द मोडणाऱ्याची बातमी होते. बापाचे दिवस उरकून, ठरल्या तारखेला मुकाट्याने तुरुंगाच्या दारात येऊन उभा राहतो, त्याची होत नाही. पॅरोल बंद करा म्हणताना आपण पहिल्यालाच मोजतो. शिक्षा मात्र दुसऱ्यालाही होते, आणि त्याच्या घरालाही.