गुरू गेले, सूर राहिले : मार्टिन श्मिड आणि चिकितोसचे संगीत

१/१५
बोलिव्हियाच्या पूर्वेस चिकितोस नावाचा सखल, अरण्यमय प्रदेश आहे. १९७२ पासून तेथील अठराव्या शतकातल्या चर्चांचा जीर्णोद्धार सुरू झाला. त्या कामात सान राफाएल आणि सांता आना या गावांतून हस्तलिखित स्वरलिपीचे जुने कागद हाती आले. पाने पाच हजारांहून अधिक! हे संगीत तेथे रुजवणाऱ्या एका धर्मगुरूची कथा आजच्या थ्रेडमध्ये.

२/१५
मार्टिन श्मिड यांचा जन्म २६ सप्टेंबर १६९४ रोजी स्वित्झर्लंडमधील त्सुग प्रांतातल्या बार या गावी झाला. १७१७ मध्ये ते येशूसंघात, म्हणजे जेझुइट पंथात, दाखल झाले. १७२६ साली त्यांनी मायदेश सोडला, स्पेनमध्ये जहाजाची दीर्घ प्रतीक्षा केली आणि १७२९ मध्ये ते ब्युनॉस आयर्सला उतरले. चिकितोसला पोहोचले तेव्हा १७३० साल उजाडले होते.

३/१५
ज्या गावी ते प्रथम राहिले त्याचे नाव सान हाविएर. चिकितोसमधील ही पहिली मिशन-वसाहत १६९१ च्या अखेरीस स्थापन झाली. हे हाविएर म्हणजे आपल्या परिचयाचे संत फ्रान्सिस झेवियर, ज्यांचे पार्थिव जुने गोवे येथील बॉम जेझुस बॅसिलिकात आहे. गोव्याला कर्मभूमी मानलेल्या संताचे नाव दक्षिण अमेरिकेच्या अरण्यातील एका गावाला मिळाले, ते असे.

४/१५
मूलनिवासी या वसाहतींत का आले? केवळ श्रद्धेपोटी नव्हे. एकीकडून सांता क्रूझचे स्पॅनिश वसाहतकार आणि दुसरीकडून ब्राझीलचे पोर्तुगीज टोळीवाले माणसे धरून नेत व गुलाम करीत. मिशनच्या आश्रयाला आलेल्यांना त्यापासून बरेचसे संरक्षण मिळे. त्याची किंमतही जबर होती. जुने दैवविधी सुटले, साथीच्या रोगांनी माणसे दगावली, आणि अनेक लहान भाषा चिकितानो या एका भाषेत विरून गेल्या.

५/१५
वेगवेगळ्या जमातींची, वेगवेगळ्या बोलींची माणसे एका चौकाभोवती राहू लागली. त्यांना एकत्र बांधील असे काय होते? उपासना, आणि उपासनेतले संगीत. येशूसंघाच्या धर्मगुरूंना हे परग्वाईतील अनुभवावरून ठाऊक होते. चिकितोसमध्ये मात्र त्या जाणिवेला शिस्तबद्ध शाळेचे रूप श्मिड यांनी दिले.

६/१५
वाद्ये आणायची कोठून? युरोपातून मागवावीत तर वर्षे लागत, आणि अरण्यातील दमट हवेत ती टिकतीलच याची खात्री नव्हती. श्मिड यांनी वाद्ये तेथेच घडवली आणि ती घडवण्याची विद्या स्थानिक सुतारांना दिली. ऑर्गन, व्हायोलिन, वीणेच्या कुळातील हार्प अशी वाद्ये गावोगाव तयार होऊ लागली. हे कारागिरीचे शिक्षण त्यांनी घरी घेतलेले नव्हते. गरजेने त्यांना शिकवले.

७/१५
शाळेचा क्रम साधा होता. गावातील मुलांमधून आवाज आणि कान पारखून काही मुले निवडायची. त्यांना अक्षरओळख, मग स्वरलिपी, मग गायन, मग एखादे वाद्य. मोठी झालेली मुले धाकट्यांना शिकवीत. मूळ प्रतीवरून सुबक नक्कल उतरवणे हाही अभ्यासाचाच भाग. अशा रीतीने प्रत्येक गावाचा तीस-चाळीस जणांचा वाद्यवृंद आणि गायकवृंद उभा राहिला.

८/१५
श्मिड यांची घरच्यांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत तक्रारीचा सूर फारसा नाही. मुलांसोबत आपण गातो, वाजवतो, नाचतोही, आणि हे सारे आपल्या धर्मकार्याचेच अंग आहे, असे ते आनंदाने कळवतात. रुक्ष उपदेशकाची प्रतिमा मनात धरून ही पत्रे वाचणारा चकित होतो.

९/१५
पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी नवे काम हाती घेतले : वास्तुरचना. सान राफाएलचे चर्च १७४७ ते १७४९ या काळात, सान हाविएरचे १७४९ ते १७५२ मध्ये उभे राहिले. त्यानंतर कोन्सेप्सियोनचे काम सुरू झाले. अखंड वृक्षांचे उंच खांब, त्यांवर सर्पिल कोरीव काम, वर रुंद उतरते छप्पर. छपराचा भार लाकडी खांब पेलतात. कच्च्या विटांच्या भिंती केवळ आडोशाच्या. भिंतींवर रंगीत नक्षी. रचनेची कल्पना युरोपची. लाकूड, माती आणि हात तेथले.

१०/१५
आणखी एक नाव येथे घेतले पाहिजे. डोमेनिको झिपोली हा इटलीचा नामांकित रचनाकार येशूसंघात येऊन आजच्या अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे १७२६ साली वारला. त्याच्या अनेक रचना चिकितोसच्या कागदांतूनच आपल्यापर्यंत पोहोचल्या. याच संग्रहात चिकितानो भाषेतील एक संगीत नाटकही आहे. त्याचा नायक संत झेवियर, आणि रचनाकार अज्ञात.

११/१५
१७६७ साली स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने आपल्या सर्व प्रदेशांतून येशूसंघाला हद्दपार केले. सत्तरी उलटलेल्या श्मिड यांना, ज्या गावांत त्यांनी आयुष्याची जवळजवळ चार दशके घालवली ती सोडावी लागली. पर्वत आणि महासागर ओलांडून, स्पेनमधील अटकेनंतर, ते स्वित्झर्लंडला परतले. १० मार्च १७७२ रोजी ल्युसर्न येथे त्यांचे निधन झाले.

१२/१५
खरी कसोटी यानंतर लागली. शिकवणारे गेले, आता संगीत थांबायला हवे होते. ते थांबले नाही. गावातले संगीतगुरू मुलांना शिकवत राहिले, वाळवी लागलेल्या पानांवरून नव्या प्रती उतरवत राहिले. १८३१ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आल्सिद दोर्बिन्यी तेथे आला, तेव्हा तेथील वादन ऐकून तो विस्मित झाला. हद्दपारीला त्या वेळी साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

१३/१५
पुढचा काळ कठोर होता. जमिनी गेल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रबराच्या व्यापाराने अनेकांना कर्जाच्या पाशात वेठीला धरले. तरीही गावकऱ्यांनी ते कागद जपले. १९७२ मध्ये काही महिन्यांच्या कामासाठी आलेले स्विस वास्तुविद हान्स रोट पुढे २७ वर्षे, मृत्यूपर्यंत, याच जीर्णोद्धारात गुंतले. पोलिश धर्मगुरू पिओत्र नाव्रोत यांनी या संगीताचे संपादन केले. १९९० मध्ये सहा गावांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. १९९६ पासून तेथे दर दोन वर्षांनी संगीत महोत्सव भरतो आणि त्यात स्थानिक मुलामुलींचे वाद्यवृंदही वाजवतात.

१४/१५
गोव्याच्या वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल. पोर्तुगिजांनी तर येशूसंघाला १७५९ मध्येच घालवून दिले होते. तरी चर्चला जोडलेल्या शाळांतून मुले स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत राहिली. त्या परंपरेतले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीच्या वाद्यवृंदांत बसले. दोन्हीकडे विद्या आली ती परकीय सत्तेच्या छत्राखाली, आणि टिकली ती शिकणाऱ्यांनी आपली मानली म्हणून.

१५/१५
श्मिड यांना निव्वळ उपकारकर्ते म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, आणि साम्राज्याचे साधन म्हणून त्यांना निकालात काढणे न्याय्य होणार नाही. त्यांनी मुलांना केवळ गायला लावले नाही. लिहायला, घडवायला आणि पुढच्याला शिकवायलाही शिकवले. म्हणूनच ती मुले त्यांच्यावाचून अडली नाहीत. त्या कागदांवर बहुतेक ठिकाणी रचनाकाराचे नाव नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रती उतरवणाऱ्या बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. श्मिड यांचे स्मरण करताना ते अनाम हातही आठवावेत. (समाप्त)